आठवी-नववीच्या लेकरांना बातमीतलं खरं-खोटं ओळखायला कसं शिकवायचं?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. २०२४ च्या पावसाळ्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, ती आज लिहूनच टाकते.

१० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्याकडे ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास झाला होता, तेवढ्याच ताकदीचा. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे खडखडले, माणसं बाहेर पळाली. धक्का काही सेकंदांत संपला. पण दुपारपर्यंत मोबाईलवर एक निरोप गावभर झाला: "आज रात्री २ वाजता यापेक्षा मोठा धक्का बसणार आहे, कोणीही घरात झोपू नये, शासनाचा आदेश." त्या रात्री आमची आळी ताडपत्र्या ओढून ओट्यांवर बसून होती. लेकरं, बाळंतीण, म्हातारी माणसं, सगळी. वरून पाऊस. दोन वाजले, तीन वाजले, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नववीत ४१ पैकी १६ मुलं. एक मुलगी तर आठवडाभर तापानं फणफणली होती.

मला लागलं ते वेगळंच. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता होणार हे आज कोणतंच शास्त्र सांगू शकत नाही, हे मी याच वर्गाला शिकवलं होतं. चाचणीत बहुतेकांनी बरोबर लिहिलं होतं. आणि त्या रात्री त्यांतल्या एकाच्याही तोंडून ते वाक्य घरात निघालं नाही. मीही शेजाऱ्यांना काही बोलले नाही.

मुख्याध्यापकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास मला दिला आहे. पुस्तक नाही, परीक्षा नाही. निम्म्या घरांत एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात. काय शिकवू, कुठून सुरुवात करू? तुमचे अनुभव सांगा.

हुरडा

मॅडम, वर्गात एक बाक जास्तीचा ठेवा. आमच्या सासऱ्यांना पाठवते.

शिस्त_पाहिजे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती मोबाईल देणं हीच मूळ चूक. करोनात ऑनलाइन शाळेसाठी दिला आणि तो परत घेताच आला नाही. आणि दहावीचं गणित-विज्ञान उरकता उरकत नाही, त्यात हा नवा तास कशाला? पोरांना वाचायला लावा, शुद्धलेखन घ्या. वाचणारं पोर आपोआप शहाणं होतं.

पाटीपेन्सिल

@शिस्त_पाहिजे, आपण दोघं एकाच धंद्यातले, म्हणून हक्कानं सांगतो: भरपूर वाचणारी माणसं फसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल होता? लँडलाइनवर आणि एसटीच्या टपावरून ती बातमी दुपारपर्यंत आमच्या गावात पोचली. आमच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे गुरुजी वाटी-चमचा घेऊन मारुतीच्या देवळातल्या गणपतीपुढे उभे होते. विद्वान माणूस, मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझ्या आईचा दगडी खलबत्ता नेला. दुधात निळी शाई टाकली. चमचा काठोकाठ भरून दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि मग अंगावरून इतक्या पातळ थरानं खाली उतरतं की पांढरं दूध दिसतच नाही. निळं मात्र दिसलं. शास्त्रज्ञांनीही त्या वेळी रंगीत दूध वापरूनच लोकांना दाखवलं होतं. पहिल्या बाकावरचा एक पोरगा वाकून खलबत्त्याखाली बघत राहिला, तिथं निळं तळं साचलं होतं. "गुरुजी, म्हणजे काल कुणी खालीच बघितलं नाही का?" असं त्यानं विचारलं. तीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलो नाही.

मॅडम, पहिल्या तासाला हाच प्रयोग करा. मोबाईल लागत नाही.

तालुका_पान

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. आमच्या बाजूनं दोन शब्द.

पोरांना आधी एक छापील अंक हातात द्या आणि शेवटच्या पानावर अगदी तळाशी असलेली बारीक ओळ शोधायला सांगा: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, कुठं छापलं. ती ओळ आम्ही हौस म्हणून छापत नाही. १८६७ च्या कायद्यापासून ती बंधनकारक आहे, आता २०२३ चा नवा कायदा आला तरी सुटका नाही. म्हणजे बातमी चुकली तर कोणाच्या दारात जायचं हे वाचणाऱ्याला कळतं. मग त्याच पोरांना तो भूकंपाचा निरोप दाखवा आणि विचारा, याची मुद्रणरेषा कुठं आहे? "शासनाचा आदेश" म्हणे. कोणत्या शासनाचा? तहसीलदाराची सही, जावक क्रमांक, तारीख, काहीच नाही. आमच्या तालुक्यात साध्या पाणीटंचाईच्या पत्रालाही जावक क्रमांक असतो.

दुसरं, आमचंही खरं सांगतो, कारण पोरांना अर्धं खरं सांगून चालणार नाही. बातमी मी लिहितो, मथळा जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला उपसंपादक देतो. कधी मथळा ओरडतो आणि मजकूर कुजबुजतो. पानावर बातमीसारखा दिसणारा मजकूर असतो आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "जाहिरात" लिहिलेलं असतं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न २००९ च्या निवडणुकांनंतर इतका गाजला की प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. हे सगळं मुलांना सांगा. आमची पत त्यानं कमी होणार नाही, उलट जो नीट काम करतो त्याची ओळख पटेल.

एक सोपा खेळ: एकाच दिवशीचे तीन वेगवेगळे पेपर, एकच बातमी. आकडे जुळतात का, कोणाचं म्हणणं घेतलं, कोणाचं राहिलं. रद्दीतले अंक चालतील.

पाटीपेन्सिल

वार्ताहर साहेबांनी चांगली आठवण करून दिली. मराठवाड्यात खरी बातमी कधीच स्वस्त नव्हती. माझे वडील निजामाच्या राज्यात वाढले. "इमरोज"चे संपादक शोएबुल्लाखान यांनी हैदराबाद संस्थान भारतात यावं असं लिहिलं आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना मारून टाकलं. मुक्तिदिनाला महिनासुद्धा उरला नव्हता. दैनिक "मराठवाडा"चे संपादक अनंत भालेराव स्वतः त्या लढ्यातले. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, पोरं लाडू खाऊन घरी जातात. लिहिण्यापायी एक माणूस जिवानिशी गेला हे त्यांना त्या दिवशी सांगायला हवं. बातमीची किंमत कळली की तिच्या नावावर खपणाऱ्या खोट्याचा राग येतो.

दहावी_ब

मी परभणीचा, यंदा दहावीला आहे. मोठ्यांच्या मध्ये बोलतोय, माफ करा.

दरवर्षी बोर्डाचं खोटं वेळापत्रक फिरतं. आमच्या गटात आलं तेव्हा मी शाळेत विचारलं. सर म्हणाले, शाळेला छापील जे येतं तेच अंतिम. मी गटात तसं लिहिलं. तो गट पाहुण्यांचा आहे. मामांनी ते पाठवलं होतं. मामांनी आधी फोन केला, मग घरी येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "लई शहाणा झालास का?" पप्पांनी मलाच माफी मागायला लावली. वेळापत्रक खोटं होतं हे नंतर सगळ्यांना कळलं, पण तो विषय कुणी काढला नाही.

मॅडम, खोटं ओळखायला येतं आम्हाला. ओळखल्यावर घरी काय करायचं ते शिकवा.

हुरडा

लेकरा, तुझं काही चुकलं नाही.

लसवाली_ताई

@दहावी_ब, बाळा, तुझा प्रश्न लाखाचा आहे. मी आरोग्य सेविका. तुला माझं सांगते, त्यातून काही मिळतं का बघ.

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं, शाळाशाळांतून. आमच्या भागात व्हिडिओ फिरले की ही लस घेतली की पुढं मूलबाळ होत नाही. एका शाळेत मी शीतपेटी घेऊन गेले तर सातवीच्या वर्गात पाच मुली. बाकीच्यांना आयांनी घरीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी मी दारोदार जाऊन "ते खोटं आहे, अडाण्यासारखं करू नका" असं सांगितलं. एक दार उघडलं नाही. माझंच चुकलं. अडाणी म्हटल्यावर कोण ऐकेल?

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलीचा दंड दाखवला, तिला आदल्याच दिवशी टोचलं होतं. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, जाऊबाईंनी. जाऊबाईंकडे गेले, त्या म्हणाल्या भावानं पाठवलं. भावाला फोन लावला, तो म्हणाला, "मला काय माहीत, आलं म्हणून पाठवलं." हे ऐकून त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी एक शब्द जास्तीचा बोलले नाही. चार दिवसांनी त्या वर्गातल्या बहुतेक मुलींना लस मिळाली.

म्हणून मामांना चारचौघांत खोटं पाडू नकोस. एकटं गाठ, आणि सांगण्याऐवजी विचार: "मामा, हे तुम्हाला कोणी पाठवलं? त्यांना कसं कळलं?" मोठ्या माणसाला प्रश्न विचारला तर तो मान वाटतो, चूक दाखवली तर अपमान.

शिस्त_पाहिजे

ताई, हे पटलं. पण मोबाईलबद्दलचं माझं मत कायम आहे.

मोगरा

@शिस्त_पाहिजे सर, मुलीची आई म्हणून बोलते. आमच्या ओळखीतल्या नववीतल्या मुलीचा चेहरा कोणीतरी दुसऱ्याच फोटोला चिकटवला आणि फिरवला. त्या मुलीकडे मोबाईल नव्हता. घरात मोबाईलबंदी होती म्हणून ती सांगायलाही घाबरली, आपल्यालाच बोल लागेल म्हणून. कळलं तेव्हा घरच्यांनी पहिलं काय केलं? तिची शाळा बंद केली. ज्यानं केलं तो मुलगा रोज शाळेत.

मॅडम, तुमच्या तासात एक दिवस हा ठेवाच, आणि मुलगे-मुली दोघांना एकत्र बसवून ठेवा. असा फोटो जवळ ठेवणं, पुढं पाठवणं हाही गुन्हा आहे हे मुलांना कळू द्या. १०९८ आणि १९३० हे दोन नंबर फळ्यावर कायमचे लिहून ठेवा. आणि मुलींना सांगा की पुरावा पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि एका तरी मोठ्या माणसाला सांगा. ते मोठं माणूस तुम्ही व्हा. आमच्या ओळखीतली ती मुलगी वर्ष बुडून पुन्हा शाळेत जाते आहे, एका बाईंमुळेच.

काळी_माती

मी शेतकरी. माझा पोरगा आठवीत. मला वाटलं होतं हा शहरातला विषय आहे.

दोन वर्षांमागं एका चॅनेलवर ऐकलं की अमुक तारखेपासून सलग आठ दिवस पाऊस. तारीख छातीठोक सांगितली होती. मी आणि माझ्या भावानं धूळपेरणीच केली म्हणा ना, एका सरीवर सोयाबीन टाकलं. पाऊस आला तो पंधरा दिवसांनी. बी भाजून गेलं. दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं, ते पैसे बायकोच्या गळ्यातलं ठेवून आणले.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. परभणीचं विद्यापीठ आठवड्याचा सल्ला काढतं. हवामान खात्याचा पिवळा, नारंगी, लाल इशारा असतो. हे सगळं फुकट आहे आणि मला माहीत होतं. पण तो चॅनेलवाला माझ्या बोलीत बोलतो, मला "भाऊ" म्हणतो, आणि खातं म्हणतं "तुरळक ठिकाणी मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता". शेतकऱ्याला शक्यता नको असते, त्याला हो का नाही पाहिजे असतं. तिथंच तो फसतो.

पोरांना "शक्यता" या शब्दाचा अर्थ शिकवा बाई. खरं बोलणारा माणूस शक्यता म्हणतो.

खडू_फळा

काळी_माती दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. आणि एक सुचलं. विज्ञानाच्या तासाला आम्ही बाटलीचं पर्जन्यमापक करतोच. जूनमध्ये पोरांना शाळेच्या छतावर रोजचा पाऊस मोजायला लावते, आणि कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळाचा पावसाचा जो आकडा येतो त्याच्याशी ताडून बघायला लावते.

काळी_माती

बाटली सपाट बुडाची घ्या, नाहीतर आकडा चुकतो. आणि बाभळीखाली ठेवू नका.

दख्खनी_चहा

सलाम सगळ्यांना. मी छत्रपती संभाजीनगरचा, जुन्या शहरातला. माझ्या मोहल्ल्यातला म्हणून एक दगडफेकीचा व्हिडिओ एका संध्याकाळी फिरला. मी त्याच रस्त्यावर दुकानात बसलो होतो, समोर भेळवाला भेळ करत होता. आणि मोबाईलवर माझा रस्ता पेटलेला. माझ्या मित्राचा, तो हिंदू आहे, फोन आला: "तू ठीक आहेस ना?" मी म्हणालो, ये चहा प्यायला, बघ. तो आला. बाकी हजारो लोकांना असा चहाला बोलवता येत नाही ना.

रात्री माझ्या भाचीनं तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. मागं एका दुकानाची पाटी होती, तिच्यावरची लिपी ना देवनागरी, ना उर्दू, ना इंग्रजी. रिक्षाचा रंग वेगळा. ती नववीत आहे. दहा मिनिटांत तिनं ते शोधलं. मॅडम, लेकरांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात, फक्त "पाटी बघ, गाडीचा नंबर बघ, सावली बघ" हे एकदा सांगावं लागतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही म्हणून एक आठवण देतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून तर खूप हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो, त्यावर दोन बाण दिसतात. पोरांना ते दोन बाण दाखवा. त्याचा अर्थ एवढाच: जो पाठवतोय त्यानं हे लिहिलेलं नाही.

तेरणाकाठ

सगळ्यांचं वाचलं. मी औसा तालुक्यातला शिक्षक. माझा अनुभव थोडा उलटा आहे आणि मला तो सांगितलाच पाहिजे.

दोन वर्षांपासून मी असा तास घेतो. पहिल्या वर्षी हौसेनं खोटे फोटो दाखवले. दिवाळीच्या रात्रीचा नासाचा म्हणून फिरणारा भारताचा रंगीत नकाशा, दोन हजारांच्या नोटेतली चिप, युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचा निरोप. पोरं खूश. प्रत्येक फोटोला "खोटं! खोटं!" असा गलका.

मग ३० सप्टेंबरला मी त्यांना किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचे फोटो दाखवले. पडलेली दगडमातीची घरं, रांगेनं पेटलेल्या चिता. एका मुलानं हात वर केला आणि म्हणाला, "सर, हे एआयनं केलंय. दगड बघा ना, सगळे सारखेच."

मी थोडा वेळ काही बोलू शकलो नाही. त्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. माझी आजी आणि धाकटा काका त्यात गेले. मी तेव्हा सहा वर्षांचा, आईच्या माहेरी होतो म्हणून वाचलो. पोराचा दोष नव्हता. त्याला मी शंका घ्यायला शिकवलं होतं आणि विश्वास कशावर ठेवायचा ते शिकवलंच नव्हतं.

त्या शनिवारी मी वर्ग घेऊन जुन्या गावठाणात गेलो. बावन्न गावं नव्या जागी वसवली, जुन्या गावांवर आता काटेरी झुडपं आहेत. एका जोत्याचा दगड अजून उभा आहे, त्याला उखळ आहे. मग पुनर्वसित गावातल्या एका आबांकडे नेलं. त्यांनी फार काही सांगितलं नाही. भिंतीवरचा फोटो दाखवला, त्यातल्या सात माणसांपैकी सहा जणांवर बोट ठेवलं आणि "हे गेले" म्हणाले. तो मुलगा परत येताना माझ्या शेजारी बसला. "सर, त्या आबांना विचारता आलं म्हणून कळलं. ज्यांना विचारता येत नाही त्यांचं कसं कळायचं?"

खरा अभ्यास तिथून सुरू झाला. आता मी खोट्यापासून सुरुवात करत नाही. खरं कसं ठरतं तिथून करतो: पाहिलेला माणूस, सरकारी नोंद, त्या दिवशीचा पेपर, ठिकाण, आणि हे सगळं एकमेकांशी जुळतं का. सात-बारा आणि शेताचा बांध जुळवून बघतात तसंच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली इतिहासाचे जाणकार, विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली होती. व्यावसायिक लोक एकाच पानावर डोळे फोडत बसत नव्हते. ते लगेच ते पान सोडून दुसरीकडे जात आणि याच्याबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते बघत. एआयच्या काळात बोटं मोजून फोटो ओळखता येणार नाहीत, पण दुसऱ्या चार जणांना विचारता येतंच.

शिस्त_पाहिजे

तेरणाकाठ सर, मी पण १९९३ ला मदतीच्या ट्रकबरोबर गेलो होतो. पोरगं तसं म्हणालं हे वाचून पोटात कालवलं. मोबाईल हातात न देता हे थांबलं असतं असं आता म्हणवत नाही. तास घ्या मॅडम. शुद्धलेखनाचं मी बघतो.

मोगरा

@तेरणाकाठ, रडवलंत सर.

तालुका_पान

केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सरकारी शाळांतून असे वर्ग घेतले होते, "सत्यमेव जयते" नावानं, जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानं. आपल्याकडं एखाद्या जिल्ह्यानं मनावर घेतलं तर का होणार नाही? मी माझ्या परीनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे विषय काढतो.

खडू_फळा

मंडळी, महिनाभर इकडे लिहायला जमलं नाही कारण तास सुरू झाले. चार शनिवार झाले. घडलं ते सांगते.

पहिल्या शनिवारी निळं दूध. पाटीपेन्सिल गुरुजी, तळं बरोब्बर साचलं.

दुसऱ्या शनिवारी त्या जुलैतल्या भूकंपाच्या निरोपाची वंशावळ. लसवाली ताईंचाच प्रश्न प्रत्येकानं घरी विचारला: तुम्हाला कोणी पाठवला होता? पुढच्या तासाला फळ्यावर खालून वर झाड काढायला घेतलं. चुलते, मावशी, बचत गट, भिशीचा गट, ऊसतोडीच्या टोळीचा गट, देवस्थानचा गट. फळा पुरला नाही, भिंतीवर खडूनं काढलं. सगळ्या फांद्या वर जाऊन पाच-सहा ठिकाणी तुटल्या. एकही फांदी तहसीलला, पोलिसांना किंवा भूकंप मोजणाऱ्या कुठल्या कार्यालयाला पोचली नाही. एका मुलाला तर वडिलांच्या मोबाईलमध्ये तोच निरोप मार्चचा सापडला. अक्षर न् अक्षर तेच, फक्त "रात्री १ वाजता". त्यानं तो मोठ्यानं वाचला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

मग आम्ही राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत १० जुलैची नोंद काढली. वेळ, तीव्रता, खोली, अक्षांश-रेखांश. मुलांनी नकाशात ठिपका दिला. घडून गेलेल्याची नोंद असते, पुढच्याची वेळ कुठंच नसते, हे त्यांनी स्वतः बघितलं.

पण तिसऱ्या शनिवारी जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. जी मुलगी तापानं आजारी पडली होती ती म्हणाली, "मॅडम, मी आजीला विचारलं की तू ओट्यावर का बसलीस. आजी म्हणाली, किल्लारीला लोक झोपेतच गेले बाई. कोणीतरी सांगितलं आणि मी नाही ऐकलं, तर नातवंडांचं काय?" त्या आजीला अडाणी म्हणायची माझी छाती नाही. तिची भीती खरीच आहे, त्या भीतीवर निरोप लिहिणाऱ्यानं डल्ला मारला. मग मुलांनीच ठरवलं की आजीला काय सांगायचं: मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येऊ शकतात, म्हणून भिंतीला तडा गेला असेल तर त्या खोलीत झोपू नये. बाहेर जायचं ते तडा बघून ठरवायचं, मोबाईलवरची वेळ बघून नाही. दुसऱ्या दिवशी चौदा मुलांनी आपापल्या घराच्या भिंती तपासून तड्यांची यादी आणली. तीन घरांत खरोखर धोका आहे. ती यादी ग्रामपंचायतीत दिली, पोच घेतली, आवक क्रमांकासह. वार्ताहर साहेब, पोच मागायची आठवण पोरांनीच केली.

@दहावी_ब, तुझा प्रश्न वर्गाला वाचून दाखवला. एका मुलानं घरी तसंच विचारून बघितलं. त्याचे काका रागावले नाहीत, पण उत्तरही दिलं नाही, मोबाईल घेऊन आत गेले. दोन दिवसांनी त्यांनी एक निरोप आणून त्यालाच दाखवला, "हे बघ रे, खरं आहे का?" तो मोफत लॅपटॉपचा होता. त्यानं दुवा बघितला, शेवटी "गव्ह डॉट इन" नव्हतं.

चौथा शनिवार मोगराताईंनी सांगितलेल्या विषयाला दिला. दोन्ही नंबर फळ्याच्या वर तेलरंगानं लिहून घेतले. तासानंतर एक मुलगी थांबली. ते इथं लिहीत नाही.

मोगरा

एवढंच विचारते, ती ठीक आहे ना?

खडू_फळा

हो. आई बरोबर आहे तिच्या.

दहावी_ब

मॅडम, मामांना परवा मी विचारलं. ते म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग बोलू.

लसवाली_ताई

बोलतील बाळा.

खडू_फळा

पुढच्या शनिवारी तीन पेपरांचा खेळ आहे. आमच्या गावात एकच पेपर येतो, तोही नऊ वाजता. @तालुका_पान, काही करता येईल का?

तालुका_पान

चार दैनिकांचे प्रत्येकी दहा अंक बांधून पहिल्या एसटीच्या वाहकाकडे देतो. फाट्यावर कोणाला तरी उभं करा, गाडी पावणेसातला येते.

खडू_फळा

नववीतले दोघं सहापासून उभे असतील.